पावणेपाच मिलिमीटरची नळी

दिवाळीच्या कार्यक्रमाचं सामान परत ठेवायला निघालो होतो. घडीची टेबलं, समया, पडदे आणि गणपतीचं मखर, सगळं पिकअपच्या हौद्यात बांधलेलं. डेट्रॉइटच्या आमच्या उपनगरातल्या मराठी मंडळींत पिकअप माझ्या एकट्याकडे आहे. त्यामुळे बाप्पा येताना आणि जाताना माझ्याच गाडीतून जातात, आणि मधल्या काळात त्यात बागेची माती आणि जळाऊ लाकडं असतात. गाडी वीस हिवाळे पाहिलेली. घराच्या उतारावरून ती मागे घेत होतो, म्हणून ब्रेकवर पाय टेकवला. पेडल नेहमीच्या जागी थांबलंच नाही. लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं, पार तळाशी पोचता पोचता कुठेतरी अडलं, आणि गाडी रडतखडत थांबली. समोर लाल दिवा पेटला.

खाली वाकून पाहिलं. डाव्या बाजूला, पेट्रोलच्या टाकीच्या जरा पुढे, थेंब थेंब गळत होतं. आदल्या संध्याकाळी हीच गाडी महामार्गावर ताशी शंभर किलोमीटरने चालली होती आणि ब्रेक ठणठणीत होते. ना आवाज, ना कुरकुर. ब्रेकचे पॅड झिजले की किंचाळतात, टायर झिजला की दिसतो. ब्रेकच्या तेलाची नळी मात्र फुटेपर्यंत शंभर टक्के काम करते आणि फुटल्यावर शून्य टक्के. मधलं काही नाही.

रात्री साडेनऊला चिपळूणला फोन लावला. तिकडे सकाळचे आठ. माझा मावसभाऊ तिथे महामार्गाला लागून गॅरेज चालवतो.

"दादा, ब्रेकचा पाईप फुटला."

"कुठला?"

"मागच्या ॲक्सलला जाणारा. टाकीजवळ."

"मग? एकच बदलणार काय?"

"एकच फुटलाय ना."

"अरे, एक फुटलाय म्हणजे बाकीचे नंबर लावून उभे आहेत. सगळे काढ."

गॅरेजवाल्याने बिल वाढवायला असं सांगितलं असतं तर मी मान हलवून सोडून दिलं असतं. दादाला माझ्याकडून एक रुपया मिळणार नव्हता.

ही नळी नेमकं काय करते ते आधी पाहू. ब्रेकचं पेडल दाबताना आपण एका लांबलचक काठीचं टोक ढकलत असतो, फक्त ती काठी तेलाची असते. द्रव दाबून लहान होत नाही, निदान आपल्या कामापुरता तरी नाही. एका टोकाला ढकललं की दुसऱ्या टोकाला तेवढाच दाब, सगळीकडे सारखा. सतराव्या शतकात पास्कलने मांडलेला हा नियम शाळेत आपण सगळ्यांनी घोकला आहे. लोखंडी काठीला कोपऱ्यावरून वळवता येत नाही. तेलाच्या काठीला येतं, आणि एका काठीला चार टोकंही फुटू शकतात.

आता आकडे घालून बघा. पाय पेडलवर साधारण २५ किलोचा जोर देतो. पेडल ही तरफ आहे, ती त्याचे चौपट करते, म्हणजे १००. बूस्टर नावाचा गोल डबा इंजिनाच्या निर्वाताच्या मदतीने त्याचे आणखी तिप्पट करतो असं धरू. हे ३०० किलो मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर पडतात. त्याचा व्यास इंचभर, क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ६० किलो. टायरमध्ये असतो त्याच्या पंचवीसपट दाब. आणि हा दाब ज्या नळीतून चाकापर्यंत जातो, तिचा बाहेरचा व्यास तीन-सोळांश इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. पोलादी भिंतीची जाडी जेमतेम ०.७ मिलिमीटर. आत तेलाला जायला जागा उरते सव्वातीन मिलिमीटरची. दोन टनांची गाडी आणि तिच्यातली माणसं या शिरेवर.

शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना हे पटत नव्हतं, आणि त्यांना हसण्याचं कारण नाही. त्या काळी ब्रेक सळया आणि तारांनी ओढले जात. तार तुटली तर एक चाक जाईल, पण तेल गळलं तर सगळंच जाईल, हा हिशेब सरळ होता. पुढे लॉकहीड या स्पेलिंगने प्रसिद्ध झालेल्या विमानवाल्या भावांपैकी माल्कम लॉकहीड याने तेलाच्या ब्रेकचं पेटंट १९१७ मध्ये मिळवलं, मग विमानं सोडून डेट्रॉइट गाठलं. १९२१ च्या ड्यूसेनबर्गला चारही चाकांना तेलाचे ब्रेक आले. १९२४ मध्ये क्रायस्लरने ते आपल्या पहिल्या मोटारीत घेतले, आधी त्यातल्या गळक्या सीलांवर काम करून. फोर्ड मात्र अडून राहिला. त्याच्या मोटारींना तेलाचे ब्रेक मिळाले ते १९३९ च्या मॉडेलपासून.

आणि 'सगळंच जाईल' या भीतीवरचा खरा तोडगा त्यानंतर कितीतरी वर्षांनी सक्तीचा झाला. अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना दुहेरी मास्टर सिलिंडर लागतो. आत दोन दट्टे, तेलाचे दोन वेगळे मार्ग. पिकअपमध्ये बहुधा एक मार्ग पुढच्या दोन चाकांचा आणि दुसरा मागच्या दोन चाकांचा असतो. माझा मागचा मार्ग रिकामा झाला, पेडलने ती रिकामी वाट आधी तुडवली आणि मग पुढच्या चाकांचा दाब हाती लागला. तळाशी जाताना 'कुठेतरी अडलं' ते हे. त्या दिवशी मखर वाचलं ते १९६८ च्या नियमामुळे.

आता नळी का गंजते, याचं उत्तर आमच्या पायाखाली आहे. अगदी शब्दशः. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे ३५० मीटरवर मिठाची प्रचंड खाण आहे. तिचे रस्तेच दीडशे किलोमीटरहून लांब. चाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटला आणि मीठ मागे राहिलं. १९१० पासून ते उपसलं जातंय आणि आज ते प्रामुख्याने रस्त्यावर टाकायला वापरतात, बर्फ वितळवायला. ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या त्याच्याच पोटात मोटारींना खाणारं मीठ असावं, हा विनोद इथल्या माणसांना आता विनोद वाटत नाही.

मीठ बर्फाचा गोठणबिंदू खाली आणतं, म्हणून रस्ता ओला राहतो पण गोठत नाही. थंडी उणे नऊ-दहाच्या खाली गेली की साध्या मिठाचा जोर ओसरतो, मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण फवारतात. ते आणखी वाईट. हे क्षार हवेतला ओलावा शोषून घेतात आणि सुकतच नाहीत. गाडी गॅरेजमध्ये उभी असताना, रस्ता कोरडा असताना, चेसिसच्या पोटाला चिकटलेला तो चिखल ओलाच असतो. नळीला चेसिसशी धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा असतात, त्यांच्या आत तर तो चिखल चटणीसारखा दाबून बसतो. नळी नेमकी तिथे सडते, क्लिपेच्या आड. बाहेर उघडी दिसणारी नळी तपकिरी पण धडधाकट. तुम्ही टॉर्च मारून पाहता, समाधानाने मान हलवता आणि फसता.

हे फक्त माझ्या गाडीचं दुखणं नव्हे. जनरल मोटर्सच्या १९९९ ते २००३ मधल्या पिकअप आणि मोठ्या गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या सडून फुटतात अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा प्रशासनाने २०१० मध्ये चौकशी सुरू केली. गाड्या सुमारे ५० लाख. एप्रिल २०१५ मध्ये चौकशी बंद झाली, गाड्या परत बोलवायचा आदेश न देता. प्रशासनाचं म्हणणं असं पडलं की हा एका कंपनीच्या बनावटीतला दोष नाही. मिठाच्या प्रदेशात एवढ्या वयाच्या इतरांच्या गाड्याही असंच करतात. मालकांना हे पटलं नाही, आणि मला त्यांचा राग समजतो. गाडीचं आयुष्य वीस वर्षांचं आणि ब्रेकच्या नळीचं दहा-बारा, हे विकताना कोणी सांगत नाही. पण प्रशासनाने त्याच वेळी दिलेला सल्ला मात्र चोख होता. हिवाळाभर गाडीचं पोट धुवा, जुन्या गाडीच्या नळ्या तपासून घ्या, आणि पापुद्रे सुटण्याइतका गंज दिसला तर तुकडा न बदलता सगळ्या नळ्या बदला. म्हणजे दादाचंच वाक्य, सरकारी कागदावर.

आमच्या मिशिगनमध्ये खासगी गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी नाही. पेनसिल्व्हेनियात आहे. इथे तपासणारे आपणच.

नळी कसली घ्यायची, यावर शेजारच्या काकांशी अर्धा तास बोललो. काका म्हणजे माझे शब्द. ते मूळचे पोलिश घराण्यातले, मोटारीच्या कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. कंपनीची मूळ नळी पोलादाची असते, आणि ती करण्याची रीत मोठी देखणी आहे. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी स्वतःभोवती दोनदा गुंडाळतात आणि भट्टीत तो मुलामा वितळवून दोन्ही पदर एकजीव करतात. दुहेरी भिंत, सांध्याची शिवण कुठेच आरपार नाही. ताकदीला ही नळी उत्तम. गंजापुढे तिचं काही चालत नाही, सगळी मदार वरच्या लेपावर. लेपाला दगड लागून ओरखडा आला की संपलं.

स्टेनलेस गंजत नाही, पण इतकं कडक की घरच्या हत्याराने त्याचं टोक नीट फुलत नाही आणि सांधा गळत राहतो. शुद्ध तांबं हाताला मऊ, वळवायला सोपं आणि म्हणूनच मोहात पाडणारं. ते ब्रेकला चालत नाही. सततच्या थरथरीने तांबं कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं. उरतं ते तांबं आणि निकेल यांचं मिश्रण: निकेल दहा टक्के, थोडं लोखंड आणि मँगनीज, बाकी तांबं. जहाजांवर समुद्राचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या याच्या करतात. जे समुद्राला पुरून उरतं त्याला रस्त्यावरच्या मिठाचं काय? व्होल्वोने १९७६ पासून आपल्या गाड्यांना याच धातूच्या नळ्या दिल्या. स्वीडनमध्येही रस्त्यावर मीठ असतंच, पण ते दुखणं त्यांनी कारखान्यातच मिटवलं. आमच्याकडे ते मालकाच्या अंगणात येऊन मिटतं. पंचवीस फुटांचं वेटोळं आणलं, पोलादापेक्षा महाग, पण एका पिझ्झाच्या रात्रीइतकाच फरक.

गाडी घोड्यांवर चढवली. जॅकवर नुसती उचललेली गाडी आणि तिच्याखाली माणूस, हे मी कधीच करत नाही आणि तुम्हीही करू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी घोड्या.

सगळ्यांना वाटतं नळी घालणं अवघड. खरी लढाई जुने नट सोडवण्याची. नळीच्या टोकाला एक पोकळ नट असतो, नळी त्याच्या आतून जाते, आणि वीस वर्षांत नट आणि नळी एक झालेले असतात. नट फिरवला की नळी पिळवटते. साधा फिक्स पाना लावला तर तो सहापैकी दोनच बाजू धरतो आणि मऊ नट गोल करून टाकतो. यासाठी वेगळा पाना मिळतो, रिंग पान्यासारखाच, पण नळी आत सरकावी म्हणून एका बाजूला खाच कापलेला. तो पाच बाजू धरतो. दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहिलो. तरी अर्धे नट हलेनात. तेव्हा काकांनी कोपरखळी दिली, "नळी ठेवायचीये का तुला?" नव्हती ठेवायची! नळी नटाला लागून कापून टाकली, आणि मोकळ्या झालेल्या नटावर सहा बाजूंचा सॉकेट बसला. दहा मिनिटांत चार नट सुटले. गॅस टॉर्चने तापवलं तर आणखी सोपं जातं असं कोणी सांगेल, पण शेजारी पेट्रोलची टाकी आहे हे विसरू नका. आणि काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनची संयुगं असतात. ती तापली तर फॉस्जीन होतो, पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. ज्योत मी लांबच ठेवली.

नट निवडताना आणखी एक गंमत. अमेरिकी गाड्यांत इंचाचे आणि मिलिमीटरचे आटे शेजारी शेजारी नांदतात. तीन-अष्टमांश इंचाचा नट म्हणजे ९.५ मिलिमीटर, आणि दुसरा १० मिलिमीटरचा. आट्यांमधलं अंतर एकाचं १.०६, दुसऱ्याचं १.००. दोन्ही हातात घेतले तर जुळी भावंडं. चुकीच्या जागी लावायला गेलं की एखाद-दुसरा आटा जातोही, मग घट्ट लागतो, आणि आपण 'बसतोय' म्हणून जोर लावतो. मग मास्टर सिलिंडरचे आटे जातात. हाताने शेवटपर्यंत फिरला तरच पाना लावायचा, हा नियम मी एका कोऱ्या नटाचं वाटोळं करून शिकलो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते. नळीचं टोक. ब्रेकच्या सांध्यात रबराचा वायसर नसतो, टेप नसते, सोल्यूशन नसतं. धातू धातूवर दाबून बसतो, एवढंच. त्यासाठी नळीचं टोक फुलवून त्याला ओठ काढावा लागतो, आणि नट मागून तो ओठ समोरच्या शंकूवर दाबून धरतो. ओठाच्या दोन जाती. एक दुहेरी, ४५ अंशांत फुललेला, ज्यात नळी स्वतःवर घडी घालून परत आत वळते. दुसरा बुडबुड्यासारखा गोल. एका जातीचा ओठ दुसऱ्या जातीच्या बैठकीवर कधीच नीट बसत नाही, म्हणून जुनी टोकं फेकू नयेत. समोर ठेवून तशीच काढावीत.

नळीवर कटर फिरवायचा तो हळू, दर फेरीला जरासा आवळत. घाई केली की नळी चेपते. कापल्यावर तोंड कानशीने सपाट करायचं, आतली धार खरवडून काढायची, कीस झटकायचा. मग नळी चापात धरायची, ठराविक मापानेच बाहेर ठेवायची, आणि छोटा ठोकळा दाबायचा. तोंड आधी फुगतं. मग ठोकळा काढून शंकू दाबायचा. फुगलेलं तोंड आत दुमडतं आणि दुहेरी ओठ तयार होतो. इस्त्रीने शर्टाची पट्टी दुमडावी तसं. एकेरी ओठ सोपा असतो, पण ब्रेकच्या दाबाखाली तो तडकतो. करूच नये. आणि घरच्या पाण्याच्या नळाला वापरतात तसले दाबपट्टीचे सांधे ब्रेकच्या नळीत घालून मधला तुकडा जोडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या गाडीच्या पुढे मी माझी गाडी उभी करणार नाही.

काकांनी पहिल्यांदा वेटोळ्यातला फूटभर तुकडा कापून हातात दिला. "हा वाया घालव." त्यावर सात ओठ काढले. पहिला वाकडा, दुसरा एका बाजूला जाड, तिसरा चिरलेला. पाचवा बरा. सातव्याला काकांनी नखाने तपासलं आणि फक्त "हं" म्हणाले. टूलरूमच्या माणसाचं ते मेडल. मग मी खऱ्या नळीवर सुंदर, आरशासारखा, दोन्ही बाजूंनी सारखा ओठ काढला, अभिमानाने वर धरला, आणि नट बाकावरच पडलेला दिसला. नट ओठाआधी ओवायचा असतो. नंतर तो जात नाही. हे काम करणारा प्रत्येक माणूस ही चूक करतो. काकांनी चाळीस वर्षं काम करून महिन्याभरापूर्वीच केली होती म्हणे. मी दिवसभरात दोनदा केली.

नळी टाकणं त्यामानाने आनंदाचं. जुन्या नळीला समोर ठेवून तिची वळणं बोटांनीच नव्या नळीला दिली. तीव्र वळण असेल तिथे सॉकेटभोवती गुंडाळून, म्हणजे नळी चेपत नाही. मास्टर सिलिंडरजवळ जुनीला एक पीळ होता, तोही ठेवला. तो कोणी शोभेला दिलेला नसतो. इंजिनाची थरथर आणि केबिनचं हलणं तो पिऊन टाकतो. सायलेन्सरच्या पाईपपासून लांब, कशाला घासणार नाही अशी, आणि ठराविक अंतरावर पक्की धरलेली. मागच्या ॲक्सलवरचा रबरी पाईपही बदलला. बाहेरून बरा दिसला तरी आतून सुजून वाट अडवतो.

जुनी नळी करवतीने उभी चिरली, कुतूहल म्हणून. फुटलेल्या जागी मोहरीएवढं भोक. पण त्याच्या पुढेमागे, तीन वेगवेगळ्या क्लिपांखाली, भिंत इतकी पातळ की सुईचं टोक दाबलं तर आरपार गेलं. नंबर लावून उभे होते. फोटो दादाला पाठवला. त्याने उत्तरादाखल आपल्याकडच्या एका पिकअपचा फोटो पाठवला, तो अगदी तसाच. चिपळूणला रस्त्यावर कोण मीठ टाकतं? कोणी नाही. पण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी भरून येणाऱ्या पिकअपच्या हौद्यातून बर्फाचं खारट पाणी घाटभर चेसिसवर गळत असतं. बर्फ आणि मीठ दोन्हीकडे, फक्त आमच्याकडे ते खालून वर उडतं आणि त्यांच्याकडे वरून खाली येतं.

शेवटी एअर काढणं. तेलाची काठी हवेच्या बुडबुड्याने मोडते, कारण हवा दाबली जाते. साठ किलोच्या दाबाला लिंबाएवढा बुडबुडा हरभऱ्याएवढा होतो आणि तुमच्या पायाची सगळी हालचाल त्यातच खर्ची पडते. म्हणून चाकाजवळच्या निप्पलातून तेल वाहू द्यायचं, हवा संपेपर्यंत. आधी सर्वांत लांबचं चाक, मग जवळ जवळ येत. पण गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच खरा. बायकोला केबिनमध्ये बसवलं.

"दाब!"

"दाबलं!"

"धरून ठेव हं, सोडू नकोस."

निप्पल उघडलं, नळीतून फुसफुसत तेल आलं, निप्पल बंद केलं. "आता सोड!" क्रम चुकला, निप्पल बंद व्हायच्या आत पेडल सुटलं, की तीच हवा परत आत खेचली जाते. तिसऱ्या चाकाला वरून आवाज आला, "अहो, माझा फोन वाजतोय, सोडू का?" नको सोडूस गं! जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबायचं नाही, खाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. सिलिंडरचा जो भाग वर्षानुवर्षं वापरातच नव्हता तो आतून खरबरीत झालेला असतो, त्यावरून रबरी सील गेलं की फाटतं. आणि वरच्या डब्यातलं तेल संपू द्यायचं नाही. संपलं तर हवा एबीएसच्या युनिटात शिरते, आणि ती काढायला संगणक लावून आतला पंप चालवावा लागतो. तिथे घरचं काम संपतं.

तेलाला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते इंजिन ऑइलचं भावंड नाही. ग्लायकॉल ईथर जातीचं आहे. त्यात चुकून खनिज तेल पडलं तर सगळी रबरी सीलं फुगून निकामी होतात. आणि हे स्वतः सांडलं तर गाडीचा रंग उतरवतं. शिवाय पाणी पितं. डॉट ३ जातीचं कोरं तेल २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की हमी १४० अंशांपुरतीच उरते. घाटात उतरताना ब्रेक तापले आणि तेल उकळलं की वाफेचा बुडबुडा होतो, आणि तो हवेसारखाच वागतो. अर्धी वापरलेली, वर्षभर माळ्यावर पडलेली बाटली म्हणून ओतू नये. सीलबंद आणावी.

इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबून मिनिटभर धरलं. हललं नाही. प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू लावून पाहिला. एका टोकाला ओलसर डाग, अर्धा पाव फेरा आवळल्यावर थांबला. मग गाडी उतारावर, मग गल्लीत, ताशी दहाने, वीसने. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला आणि सकाळी चहाआधी जाऊन पाहिला. कोरडा.

शनिवार-रविवार दोन्ही गेले, कोपर सोलवटलं. गॅरेजने मागितले होते अकराशे डॉलर, माझा खर्च त्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी, काकांची हत्यारं फुकट. पण हिशेब तेवढाच नाही. ज्याला सातवा ओठही चिरलेला वाटत असेल त्याने अकराशे डॉलर द्यावेत. मीही पाचव्यानंतर तोच विचार केला होता.

राहिलं पोट धुणं. काका त्यासाठी गवताला पाणी घालायचा फिरता फवारा गाडीखाली सरकवतात आणि तासभर चालू ठेवतात. हिवाळ्यात मात्र अंगणातला नळ बंद असतो, नाहीतर गोठून घराचीच नळी फुटायची. म्हणून थेट एप्रिलमध्ये नळ उघडला, फवारा खाली ढकलला. पहिलं पाणी तांबूस आलं, मग पांढुरकं, आणि तासाभराने ड्राइव्हवेच्या उतारावरून ते स्वच्छ होऊन गटाराकडे वाहायला लागलं.